तीन फुटी टाकी, दोनदा धुतलेली: नव्या मत्स्यालयातल्या पाण्याचं एक प्रकरण

टाकी पुण्यातल्या एका सोसायटीतल्या बैठकीच्या खोलीतली. लांबी ३६ इंच, रुंदी १२, उंची १८. कागदावर १२७ लिटर भरतात, पण वरची दीड इंच रिकामी जागा, तळाची दोन इंच ग्रॅव्हल, ड्रिफ्टवुडचा ओंडका आणि दगड वजा केले तर प्रत्यक्षात पाणी साधारण १०० लिटर. पुढचा सगळा हिशोब या १०० लिटरवरच आहे. औषधाचा, मिठाचा किंवा सोड्याचा डोस काढताना १२७ धरणं ही चूक बऱ्याच घरांत होते.

दुकानातून संपूर्ण ‘सेट’ आला होता: टाकी, झाकण, दिवा, स्पंज बसवलेला पाण्यातला फिल्टर, हीटर, निळी ग्रॅव्हल, प्लॅस्टिकची झाडं आणि क्लोरीन काढायच्या थेंबांची बाटली. शोभेसाठी घरच्यांनी मुरूडच्या किनाऱ्यावरून आणलेले मूठभर शंख-शिंपले तळाशी मांडले. महिना मे. टाकी रविवारी सकाळी कॉर्पोरेशनच्या पाण्याने भरली, थेंब टाकले आणि संध्याकाळी मासे सोडले: ४ छोटे गोल्डफिश, २ एंजल, ६ मॉली, ८ निऑन टेट्रा, १ सकर. एकूण २१.

चौदाव्या दिवशी त्यांतले ९ उरले होते. या काळात पाणी दोनदा पूर्ण बदललं गेलं, टाकी दोनदा रिकामी करून घासली, एक औषध पडलं आणि पाण्याची चाचणी मात्र एकदाही झाली नाही. घरच्यांनी आळस केला असता तर एवढे मासे मेले नसते, हे या प्रकरणाचं विचित्र वैशिष्ट्य.

पहिले चौदा दिवस

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. ग्रॅव्हल नीट न धुतल्याने येणारा गढूळपणा पहिल्याच दिवशी असतो आणि चोवीस तासांत तळाला बसतो. हा दुधाळपणा नंतर आला, म्हणजे तो जिवाणूंचा. उरलेलं खाद्य आणि विष्ठा यांवर जगणारे हे जिवाणू अर्ध्या-एक तासात दुप्पट होऊ शकतात. नव्या टाकीत त्यांच्याशी स्पर्धा करणारं कुणी नसतं, म्हणून ते एकदम माजतात. ते माशांना थेट अपाय करत नाहीत, पण ऑक्सिजन खातात. पुण्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर, पाणी २८ अंशांवर. अशा पाण्यात ऑक्सिजन मुळात प्रतिलिटर सात-सव्वासात मिलिग्रॅमच मावतो. त्यात फिल्टरचा आवाज होतो म्हणून रात्री अकराला तो बंद केला जायचा आणि सकाळी सातला चालू.

पाचव्या दिवशी सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड उघडून श्वास घेत होते. दोन निऑन मेले. सहाव्या दिवशी पहिली धुणी झाली: मासे बादलीत, ग्रॅव्हल नळाखाली, फिल्टरचा स्पंज पिळून पिळून पांढरा केलेला. त्या आठवड्यात कॉर्पोरेशनचं पाणी एक दिवसाआड येत होतं, सोसायटीच्या वरच्या टाकीत टँकरचं पाणी होतं, त्यानेच टाकी भरली. पाणी काचेसारखं झालं, सगळे खूश. खाद्य पुन्हा दिवसातून तीनदा सुरू.

आठव्या दिवशी आणखी तीन निऑन, एक गोल्डफिश गेला. नवव्या दिवशी दुसरी धुणी, पुन्हा टँकरचं पाणी. अकराव्या दिवशी दुकानदाराच्या सल्ल्याने मेथिलीन ब्लू, म्हणजे सगळ्यांच्या ओळखीचं ‘निळं औषध’. चौदाव्या दिवसापर्यंत उरलेले निऑन, एक एंजल, एक मॉली आणि दुसरा गोल्डफिश गेला. एक मेलेला निऑन ओंडक्यामागे अडकून कुजत होता, तो चाचणीच्या दिवशी सापडला. नव्या टाकीत रोज संध्याकाळी मासे मोजावेत ते याचसाठी.

चाचणी काय सांगत होती

पट्ट्या बुडवून रंग पाहायची चाचणी स्वस्त आणि झटपट असते, पण बहुतेक पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो. इथे नेमका तोच हवा होता, म्हणून थेंबांचं किट वापरलं. चौदाव्या दिवशी संध्याकाळचे आकडे असे:

एकूण अमोनिया: २ आणि ४ च्या मधला हिरवा, म्हणजे साधारण ३ मिग्रॅ प्रतिलिटर
नायट्राइट: ०
नायट्रेट: २०
पीएच: ८.२
केएच (कार्बोनेट क्षारता): १४ अंश, जीएच (पाण्याचा एकूण जडपणा): २०
तापमान: २९

घरच्यांना यातल्या दोन आकड्यांनी धीर आला. नायट्राइट शून्य आणि नायट्रेट २०, म्हणजे टाकीचं चक्र (अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट होणं) पूर्ण झालं असणार, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. वाचलेलं चूक नव्हतं, लावलेला अर्थ चूक होता. शून्य नायट्राइटचे दोन अर्थ निघतात. एक तर नायट्राइट तयार होऊन पुढे संपतंय, किंवा ते अजून तयारच व्हायला लागलेलं नाही. अमोनिया ३ असताना दुसराच अर्थ लागू. मग नायट्रेट आलं कुठून? टँकरच्या पाण्यातून. बादलीत नुसतं टँकरचं पाणी घेऊन चाचणी केली, तिथेही २०. शेतीच्या भागातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात नायट्रेट असणं नवीन नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) त्याची मर्यादा ४५ आहे, त्यामुळे २० आकडा पिणाऱ्याला चालतो. टाकीच्या निदानात मात्र तो सरळ दिशाभूल करतो. टाकीची चाचणी करायची तर भरायच्या पाण्याचीही करायची, नाहीतर आकडे वाचताच येत नाहीत.

त्याच बादलीत दुसरी गंमत दिसली. टँकरमधून नुकत्याच घेतलेल्या पाण्याचा पीएच ७.५ होता. एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र खडा) लावून चोवीस तासांनी तो ८.२ झाला. जमिनीखालच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वर आल्यावर उडून जातो आणि पीएच चढतो. नळ सोडून लगेच मोजलेला पीएच म्हणूनच कामाचा नाही. बादलीभर पाणी एक दिवस हवा देऊन ठेवायचं आणि मग मोजायचं.

किट वापरताना तीन बारीक गोष्टी. नायट्रेटच्या बाटल्यांपैकी एकीत न विरघळणारी पूड असते, ती अर्धा मिनिट जोरजोरात हलवली नाही तर आकडा खोटा कमी येतो. अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर घातलेलं असेल तर बांधलेला अमोनियाही बहुतेक किटमध्ये दिसत राहतो. आणि काही किट नायट्राइट-नायट्रेट पूर्ण रेणूच्या हिशोबात देतात, काही फक्त त्यातल्या नायट्रोजनच्या. दुसऱ्या प्रकारचा आकडा नायट्राइटसाठी ३.३ ने आणि नायट्रेटसाठी ४.४ ने गुणावा लागतो. दोन घरांनी आकडे ताडून पाहताना इथेच घोळ होतो.

अमोनिया तोच, विष सहापट

अमोनिया येतो खाद्यातून. माशांनी खाल्लेल्या प्रथिनांतला जादा नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बनून पाण्यात जातो. ४० टक्के प्रथिनं असलेल्या १ ग्रॅम खाद्यामागे साधारण ३७ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन, हा मत्स्यपालनातला नेहमीचा अंदाज. १०० लिटरमध्ये त्याचे होतात ०.३७ मिग्रॅ प्रतिलिटर. या घरात तीन वेळा मिळून दीड-दोन ग्रॅम खाद्य पडत होतं, म्हणजे दिवसाला ०.५५ ते ०.७४. पाचव्या दिवशी चाचणी झाली असती तर तेव्हाही आकडा तीनच्या आगेमागेच आला असता. दुसऱ्या धुणीनंतर पाच दिवसांनी तो पुन्हा ३ वर होता, यात नवल नाही. पूर्ण पाणी बदलून मिळालेली सूट पाच दिवसांत संपते.

तरी पहिल्या खेपेला दोनच मासे गेले आणि दुसऱ्या खेपेला रांग लागली. कारण पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम आयन तुलनेने निरुपद्रवी. मुक्त अमोनिया कल्ल्यांतून सरळ आत जातो, कल्ले जाळतो आणि माशाला स्वतःचा अमोनिया बाहेर टाकू देत नाही. दोघांचं प्रमाण पीएच आणि तापमान ठरवतं. पीएच ७.४ (कॉर्पोरेशनच्या पाण्याचा) आणि २८ अंशांवर एकूण अमोनियातला सुमारे १.७ टक्का मुक्त असतो. पीएच ८.२ आणि २९ अंशांवर सुमारे १०.५ टक्के. किट सांगतं ती दोन्हींची बेरीज.

आता ३ ला गुणून पाहा. कॉर्पोरेशनच्या पाण्यात मुक्त अमोनिया ०.०५ पडतो, टँकरच्या पाण्यात ०.३१. मुक्त अमोनिया ०.०२ च्या खाली ठेवायचा, हा जाणत्यांचा दंडक. ०.०५ ला कल्ल्यांना इजा सुरू होते, ०.३१ ला निऑनसारखा मासा टिकतच नाही. मॉली मात्र जड पाण्याचा मासा, सहातले पाच वाचले. नेमके निऑन सगळे गेले म्हणून दुकानदाराला ‘निऑनचा लॉटच खराब’ असं वाटलं, ते त्यामुळे.

धुणी, औषध आणि शिंपले: कुणाचा किती हात

अमोनिया खाणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, ग्रॅव्हलवर, काचेवर चिकट थर करून राहतात. सुट्या पाण्यात ते नगण्य. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. दुसऱ्या कामाचं श्रेय बरीच वर्षं नायट्रोबॅक्टरला दिलं जाई. १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांवरच्या अभ्यासात ते काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतात असं दिसलं. २०१५ मध्ये तर दोन्ही पायऱ्या एकट्याने पार करणारे नायट्रोस्पायरा सापडले, आणि त्यांतला एक शोध मत्स्यपालनाच्या फिल्टरमधल्या जिवाणूंवरूनच लागला. घरच्या टाकीसाठी महत्त्वाचं एवढंच, की हे सगळे मंदगती आहेत. दुधाळपणा आणणारे अर्ध्या-एक तासात दुप्पट होतात, यांना अर्धा दिवस ते एक-दीड दिवस लागतो. टाकीचं चक्र बसायला चार ते सहा आठवडे लागतात ते म्हणून.

सहाव्या दिवशी धुवून जाण्यासारखं फार काही जमलंही नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण घड्याळ शून्यावर गेलं. नवव्या दिवशी पुन्हा शून्यावर. अकराव्या दिवशी मेथिलीन ब्लू आलं. ते बुरशीवर आणि काही परजीवींवर चांगलं औषध असलं तरी या जिवाणूंना मारक आहे, म्हणून ते वेगळ्या बादलीत आजारी माशाला द्यायचं असतं, मुख्य टाकीत नाही. मासे आजारी नव्हतेच, विषबाधा झालेले होते. रात्रीच्या बंद फिल्टरने उरलंसुरलं केलं. स्पंजमधलं पाणी आठ तास साचलं की आतला ऑक्सिजन संपतो आणि थर गुदमरतो.

शंख-शिंपल्यांचा वाटा छोटा. ते कॅल्शियम कार्बोनेटचे. मऊ पाण्यात हळूहळू विरघळून केएच आणि पीएच वर ओढतात, पण ८.२ च्या पाण्यात ते जवळजवळ गप्प बसतात. तरी काढले, कारण पुढे पाणी मऊ वापरायचं होतं. दगडांवर आणि ग्रॅव्हलवर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून पाहिले, फेस आला नाही, म्हणून ते राहू दिले. हीटर काढून ठेवला. मे महिन्यात तो कशाला लावला होता कुणास ठाऊक, दुकानाच्या सेटमध्ये येतो म्हणून लागतो.

दुरुस्ती, दिवस १४ ते १७

पहिलं काम खाद्य बंद. निरोगी मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. दोन दिवसांनी काही होत नाही, अमोनियाची आवक मात्र बरीच घटते. दुसरं, फिल्टर चोवीस तास आणि जोडीला एअर स्टोन.

तिसरं पाणी. शंभर लिटरचा निळा ड्रम आणून त्यात कॉर्पोरेशनचं, म्हणजे खडकवासल्याचं पाणी आलं की भरून ठेवायचं ठरलं. त्याचे आकडे: पीएच ७.४, केएच ४, नायट्रेट ५ च्या आत. ते थेट स्वयंपाकघरातल्या नळातून घेतलं, जिथे वरच्या टाकीचं पाणी मिसळत नाही. क्लोरीन ओटी टेस्टने (थेंब टाकून पिवळा रंग पाहायची चाचणी) पाहिलं, पिवळा रंग १ च्या आसपास. पिण्याच्या मानकात नळाला किमान ०.२ क्लोरीन शिल्लक हवं असतं. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ झालं की मात्रा वाढते, आणि टँकर आला की सोसायटीचा माणूस टीसीएल (ब्लीचिंग) पावडर अंदाजाने टाकतो, तेव्हा आकडा काहीही असू शकतो.

क्लोरीन काढायला हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे स्फटिक. १० ग्रॅम स्फटिक १ लिटर पाण्यात विरघळवले की १ मिलिलिटरमध्ये १० मिग्रॅ हायपो. १ मिग्रॅ क्लोरीनला सुमारे ७ मिग्रॅ हायपो लागतो. म्हणजे क्लोरीन १ असेल तर २० लिटरच्या बादलीला १४ मिलिलिटर द्रावण, १०० लिटरच्या ड्रमला ७०. थोडं जास्त पडलं तर बिघडत नाही. द्रावण गडद बाटलीत ठेवायचं आणि दोन-तीन महिन्यांनी नवं करायचं. दुकानातले थेंब हेच काम करतात, पण ‘२० लिटरला २ थेंब’ हे माप किती क्लोरीनसाठी आहे ते बाटलीवर क्वचितच लिहिलेलं असतं.

चौदाव्या दिवशी रात्री ३० टक्के पाणी बदललं, पंधराव्या दिवशी सकाळी ३०, संध्याकाळी ३०. एकदम ८० टक्के का नाही? केएच १४ च्या पाण्यात आठवडा काढलेल्या, कल्ले दुखावलेल्या माशांना एका तासात केएच ६ च्या पाण्यात टाकणं म्हणजे क्षारांचा धक्का. ३० टक्क्यांचे तीन बदल केले की जुन्या पाण्यातलं ३४ टक्के उरतं. अमोनिया ३ वरून १ वर, केएच १४ वरून साडेसातवर, पीएच ७.९ वर. मुक्त अमोनिया ०.३१ वरून ०.०५ वर आला. पंधराव्या दिवशी रात्री मासे पृष्ठभाग सोडून मधल्या पाण्यात उतरले. ग्रॅव्हलला या सगळ्यात हात लावला नाही, फक्त ओंडक्यामागचा कुजका मासा आणि तळातलं उरलेलं खाद्य नळीने ओढून काढलं.

फिल्टरमध्ये कापडी पिशवीत ॲक्टिव्हेटेड कार्बन तीन दिवस ठेवला, निळं औषध शोषून घ्यायला. सतराव्या दिवशी तो टाकून दिला. कार्बन धुवून पुन्हा वापरता येतो, आणि तो अमोनियाही काढतो, हे दोन्ही गैरसमज पक्के आहेत.

दोन्ही उरलेले गोल्डफिश एका ओळखीच्या माणसाच्या मोठ्या सिमेंटच्या हौदात गेले. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा, खातो पुष्कळ, आणि मोठा झाल्यावर तीन फुटी टाकीत तो एकटाच जड होतो.

विरजण आणि मीठ

सतराव्या दिवशी विरजण लागलं. दुसऱ्या एका घरात वर्षभर चालू असलेल्या टाकीतला मळका स्पंज त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, डब्यात घालून तासाभरात आणला आणि नव्या फिल्टरच्या स्पंजशेजारी खुपसला. धुवायचा नाही, पिळायचा नाही. मिळेल त्या टाकीतून विरजण घेऊ नये; तिथे गेल्या दोन महिन्यांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग किंवा अचानक मर झाली असेल तर ते दही नको. बाटलीतल्या तयार जिवाणूंवर भिस्त ठेवायला हरकत नाही, पण उन्हात तापलेल्या दुकानात महिनोन् महिने पडलेली बाटली आणि चालू टाकीतला स्पंज यांत स्पंज केव्हाही सरस.

त्याच दिवशी मीठ: ३० ग्रॅम जाडं मीठ मगभर पाण्यात विरघळवून तासाभरात तीन हप्त्यांत. प्रतिलिटर ०.३ ग्रॅम, म्हणजे क्लोराइड सुमारे १८० मिग्रॅ. हे जंतू मारायला नाही. पुढच्या आठवड्यात नायट्राइट येणार होतं, आणि नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरलं की हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहू शकत नाही, रक्त तपकिरी पडतं. नायट्राइट आणि क्लोराइड कल्ल्यांतल्या एकाच वाटेने आत जातात. क्लोराइड भरपूर असलं की नायट्राइटला शिरकाव मिळत नाही. एवढं मीठ सकरलाही सोसतं. मीठ बाष्पाबरोबर उडत नाही, म्हणून आटलेल्या पाण्याची भर साध्या पाण्याने करायची, आणि ३० लिटर बदललं तर फक्त त्या ३० लिटरचं, म्हणजे ९ ग्रॅम मीठ पुन्हा घालायचं.

खाद्य एक दिवसाआड चिमूटभर, एका मिनिटात संपेल इतकंच. तोलून पाहिलं तर ते पाव ग्रॅम भरत होतं. याआधी दोन ग्रॅम पडत होतं, हे तोलल्यावरच घरच्यांना पटलं.

विसाव्या दिवशी अमोनिया ०.५, नायट्राइट ०.२५, पीएच ७.७. चोविसाव्या दिवशी अमोनिया ०.२५, नायट्राइट १. सत्ताविसाव्या दिवशी अमोनिया ०, नायट्राइट २. घरच्यांचा फोन घाबरलेला होता: आधी शून्य असलेलं आता दोन झालं, मग उपचार बिघडला का? खरं तर पहिल्या गटाने काम हाती घेतल्याची ती पावती होती, दुसरा गट नेहमीच मागून येतो. ज्या दिवशी पुन्हा टाकी धुवायची ऊर्मी सर्वांत जोरात येते तो हाच टप्पा, आणि धुतली तर सगळं पहिल्यापासून. रोज ३० टक्के बदल, मिठाची भर, स्पंजला हात नाही, एवढंच चालू ठेवलं.

एकोणतिसाव्या दिवशी वळवाच्या पावसात पाच तास वीज गेली. रिचार्जेबल एअर पंप असता तर प्रश्न नव्हता. तो नव्हता, म्हणून फिल्टर उघडून स्पंज टाकीच्या वरच्या पाण्यात तरंगत ठेवला आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी लोटीने पाणी उंचावरून ओतलं. वीज आल्यावर फिल्टरच्या डब्यात साचलेलं पाणी आधी फेकून मग तो चालू केला. कित्येक टाक्या वीज गेल्याने नाही, तर ती परत आल्यावर फिल्टरमधलं कुजलेलं पाणी एका झटक्यात आत आल्याने मरतात. तिसाव्या दिवशी नायट्राइट २ च होतं, वाढलं नव्हतं.

तेहतिसाव्या दिवशी नायट्राइट ०.२५. सदतिसाव्या दिवशी अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १५. या वेळी नायट्रेट टाकीतच तयार झालेलं, कारण भरायच्या पाण्यात ते पाचच्या आत होतं. चौदाव्या दिवसानंतर एकही मासा मेला नाही.

मऊ पाण्याचा पुढचा सापळा

टँकरचं पाणी सोडून धरणाचं घेतलं, म्हणून सगळं सुटलं असं नाही. नायट्रीकरणात, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट होताना, आम्ल तयार होतं. १ मिग्रॅ अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ मिग्रॅ क्षारता खर्च होते. केएच ४ म्हणजे ७० मिग्रॅच्या आसपास. मासे वाढून खाद्य दिवसाला १ ग्रॅमवर गेलं की रोज २.६ मिग्रॅ क्षारता जाईल, म्हणजे पाणी अजिबात बदललं नाही तर २७ दिवसांत ती संपेल, पीएच सहाच्या खाली कोसळेल आणि जिवाणू काम थांबवतील. दर आठवड्याला २५ टक्के बदलात हे भरून निघतं. नाहीच निघालं तर १०० लिटरला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा केएच सुमारे १ अंशाने वाढवतो. सोडा घालण्याआधी अमोनिया मोजायचा. तो शून्य नसेल तर पीएच चढवणं म्हणजे निरुपद्रवी रूपाचं विष करणं, जे टँकरच्या पाण्याने या टाकीत एकदा केलंच आहे.

मासे न घालता टाकी तयार करायची असती तर हे १४ दिवस टळले असते. १०० लिटरला पाऊण ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड घातलं की अमोनिया-नायट्रोजन २ मिग्रॅ होतो. तेवढा अमोनिया चोवीस तासांत शून्य होऊन नायट्राइटही शून्य दिसलं की टाकी तयार. अमोनियम क्लोराइड म्हणजे नवसागरच, पण कल्हईवाल्याकडचा नको, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. प्रयोगशाळेच्या दर्जाची बाटली घ्यावी.

आता टाकीत ५ मॉली, १ एंजल, १ सकर आहेत. दर दोन आठवड्यांनी चार-पाच मासे या गतीने भर घालायची, प्रत्येक भरीनंतर तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी अमोनिया-नायट्राइट पाहायचं. निऑन सर्वांत शेवटी, टाकी निदान तीन महिन्यांची झाल्यावर आणि मीठ बदलांतून निघून गेल्यावर. सकर फुटापेक्षा मोठा होतो, तेव्हा त्याची सोय आत्तापासून बघायला सांगितलं आहे. नदीत किंवा तलावात सोडायचा नाही, हा परदेशी मासा देशातल्या अनेक जलाशयांत आधीच माजला आहे. स्पंज महिन्यातून एकदा, बदलताना काढलेल्या टाकीच्याच पाण्यात दोनदा दाबून परत लावायचा. तो तपकिरी दिसेल, दिसू द्यावा.

पुढच्या उन्हाळ्यात टँकर पुन्हा येतील तेव्हासाठी ड्रमवर चिकटवलेल्या कागदावर तीन ओळी आहेत: टँकरच्या आठवड्यात पाणी बदलायचं नाही, खाद्य निम्मं, आटलेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने.